हायड्रोजनची गाडी की बॅटरीची? दोन्ही चालवून झालेल्या माणसाचं मत

गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकाच छापाची जाहिरात पाठवली. वापरलेली हायड्रोजन गाडी, चाळीसेक हजार मैल झालेली, आतून लेदरबिदर, आणि किंमत फक्त आठ हजार डॉलर. बघणाऱ्याला वाटावं की पुढे एखादा आकडा टाकायचा राहिला. खाली प्रश्न तोच : ‘तू चालवायचास ना रे? घेऊ का?’ चौथा प्रश्न पुण्याहून मावसभावाचा आला. ‘दादा, आत्ता ईव्ही घेऊ की हायड्रोजनसाठी थांबू? गडकरी तर त्या गाडीत बसून संसदेत गेले होते.’ गेले होते, खरं आहे. ३० मार्च २०२२ ला. तेव्हा माझ्या दारात तसलीच गाडी उभी होती आणि मीही तो व्हिडिओ अभिमानाने चार ग्रुपवर टाकला होता.

चौघांना वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी कॅलिफोर्नियात सनीवेलच्या बाजूला राहतो. २०२१ च्या सुरुवातीपासून तीन वर्षं हायड्रोजनची गाडी लीजवर चालवली, आणि ती परत केल्यापासून बॅटरीची चालवतोय. हायड्रोजनची कोणती, ते सांगत नाही. कॅलिफोर्नियात मोजून तीन मॉडेलं मिळायची, आणि माझी तक्रार गाडीबद्दल नाहीच. फ्युएल सेल (हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन जोडून गाडीतच वीज करणारा संच, त्यातून उरतं ते पाणी) कसा चालतो, बॅटरी किती किलोवॅट-अवरची असावी, हे सगळं तुम्ही आधीच यूट्यूबवर बघितलेलं असणार, त्यात शिरत नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करतो, कारण तिच्यामुळे पुढचं सगळं थोडं तिरकं होतं. हायड्रोजन घेतली तेव्हा आम्ही अपार्टमेंटमध्ये होतो, पार्किंगमध्ये साधा प्लगही नव्हता. आता टाउनहाउस आहे आणि गॅरेजच्या भिंतीवर चार्जर आहे. तुमची परिस्थिती पहिल्यासारखी असेल तर माझं मत थोडं जपूनच घ्या.

चालवायला

इथे फार लिहिण्यासारखं नाही. दोन्हींत चाकं विजेच्या मोटरवरच फिरतात, दोन्ही शांत, दोन्ही सिग्नल सुटला की झटकन पुढे. माझी हायड्रोजनची गाडी खरं सांगायचं तर जास्त आरामशीर होती. डिकी मात्र लहान, कारण टाक्या गोल नळकांड्यांच्या असतात आणि त्या जिथे बसतात तिथे बॅग बसत नाही. आई-बाबांच्या दोन-दोन मोठ्या बॅगा आल्या की एक मागच्या सीटवर, हे ठरलेलं.

थंडीत हायड्रोजन सरस. फ्युएल सेल आपोआप गरम होतो, त्याचीच ऊब आत येते. बॅटरीच्या गाडीत हीटर लावला की तो रेंज खातो. जानेवारीत टाहोला जाताना, डॉनर पासची चढण आणि बाहेर बर्फ, माझ्या आत्ताच्या गाडीची रेंज पाव भागाने तरी घटते. आधीच्या गाडीत हे एवढं कधी जाणवलं नाही.

आणि एक गंमत, जी मला अजून आठवते. त्या गाडीत साठलेलं पाणी बाहेर सोडायचं एक बटण होतं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. पार्किंगच्या कडेला तिने एक झेंडूचं रोप लावलं होतं, आणि रोज संध्याकाळी गाडी त्या रोपाजवळ लावून ते बटण दाबायचं हा तिचा हट्ट. पेल्याभर पाणी निघायचं. झेंडू फुललाही. हवामानबदलावरचा उपाय आपल्या दारात उभा आहे, असं त्या दिवसांत मला अगदी मनापासून वाटायचं.

भरायला

आता खरं दुखणं.

हायड्रोजनच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा एकच सांगतात : पाच मिनिटांत टाकी भरते, बॅटरीसारखं ताटकळावं लागत नाही. मीही याच वाक्यावर गाडी घेतली. आणि ते खोटं नाही. पंपावर तुम्ही पहिले असाल, सगळं धड चालू असेल, तर खरोखर पाच मिनिटांत काम होतं. तीन वर्षांत माझ्या वाट्याला असा योग किती वेळा आला याची मी नोंद ठेवली नाही, पण बायकोच्या मते दहादा. मी म्हणतो वीस.

पाच मिनिटांचं पंचेचाळीस कसं होतं ते सांगतो. गाडीच्या टाकीत हा वायू ७०० बारच्या दाबाने बसवायचा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सातशे पट. इतक्या घाईने दाबून भरला की टाकी तापते. ती फार तापू नये म्हणून स्टेशनवरच वायू उणे ४० अंशांपर्यंत गार करून मग सोडतात. आता हा गारठलेला वायू ज्या नोझलमधून जातो ती धातूची, आणि बाहेर खाडीवरून येणारी दमट हवा. नोझलवर बर्फ धरतो. गाडी भरून होते, स्क्रीनवर ‘धन्यवाद’ येतं, आणि नोझल गाडीला चिकटून बसते. ओढायची नाही, वाकवायची नाही. नुसतं उभं राहायचं.

दुसरं असं की स्टेशनवर दाब तयार ठेवलेला असतो तो दोन-तीन गाड्यांपुरता. तेवढ्या भरल्या की साठा उतरतो आणि मागच्या कॉम्प्रेसरला तो पुन्हा चढवावा लागतो. तोवर पुढच्याने थांबायचं, नाहीतर अर्ध्या टाकीवर समाधान मानायचं. शिवाय नोझल आणि गाडी यांचं आपापसात इन्फ्रारेडवर बोलणं होतं, टाकीचं तापमान किती, दाब किती. ते बोलणं मध्येच तुटलं की भरणं बंद. पुन्हा कार्ड, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

२०२२ च्या ऑक्टोबरातला एक रविवार. आई-बाबा मुंबईहून येणार, दुपारी एकची फ्लाइट. सकाळी गाडीत पाव टाकी. कुठलं स्टेशन चालू आहे ते दाखवणारं ॲप उघडलं, जवळच्या स्टेशनवर हिरवा ठिपका. (हे ॲप उघडणं आमच्या घरात देवाला नमस्कार करण्यासारखं झालं होतं. चप्पल घालायच्या आधी हिरवा ठिपका बघायचा.) पोचलो तर दोन पंपांपैकी एकावर कागद चिकटवलेला आणि दुसऱ्यापुढे पाच गाड्या. रविवार होता, वेळ हाताशी होता, थांबलो. तासाभराने माझा नंबर लागला. भरलं. आणि नोझल अडकली.

मी रुमाल गुंडाळून दोन्ही हातांनी ती धरून उभा. मागच्या गाडीतल्या बाई काच खाली करून म्हणाल्या, ओढू नकोस, सील जातं. त्यांच्या मागचे चिनी आजोबा उतरले, डिकीतून पाण्याची बाटली काढली आणि जराही घाई न करता नोझलवर धार धरली, अगदी दिवाळीच्या पहाटे लहान मुलाला न्हाऊ घालतात तशी. त्या बाटलीवर मार्करने काहीतरी लिहिलं होतं. नंतर कळलं की ती त्यांनी याच कामासाठी गाडीत ठेवलेली. त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी खट्टकन बसलं. हा माणूस इंधन भरायला जाताना सोबत पाणी घेऊन येतो, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही!

फोन वाजत होता. ‘आम्ही सामान घेऊन बाहेर उभे आहोत रे, कुठल्या दाराला येतोस?’

दीड तास उशिरा पोचलो. बाबांनी कारण विचारलं, मी सांगितलं. बाबा थळच्या खत कारखान्यात अमोनिया प्लांटवर नोकरी करून रिटायर झालेत. मुंबई हायचा वायू यायचा, त्यातून हायड्रोजन काढायचा, त्याचा अमोनिया, अमोनियाचा युरिया. त्यांनी आयुष्यभर हायड्रोजन पाहिला तो पाइपातून पळताना. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या सीटवरून, मांडीवर बॅग घेतलेली, म्हणाले, “अरे, आमच्याकडे तो बनतो आणि भिंतीपलीकडे खपतो. त्याला कुणी बाटलीत घालून गावोगाव फिरवत नाही.”

तेव्हा मी चिडलो होतो, पण आजवर मी हायड्रोजनवर जेवढं वाचलं त्यात याहून नेमकं काही सापडलेलं नाही. हा वायू इतका हलका आहे की स्टीलच्या नळ्यांचा एक अख्खा अवाढव्य ट्रेलर जेमतेम तीनेकशे किलो घेऊन येतो. म्हणजे साठ गाड्या, तेवढ्यासाठी रस्त्यावर एक ट्रक. द्रवरूपात आणायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत गार करा, आणि त्यात त्याच्याच पोटातल्या ऊर्जेच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वीज घालवा. पेट्रोलच्या टँकरशी तुलनाच नको. स्टेशनवर वायू संपला तर पुढचा ट्रक कधी येईल हे त्या ॲपलाही माहीत नसायचं.

आणि स्टेशनं तरी किती? २००४ मध्ये गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ‘हायड्रोजन हायवे’ जाहीर केला, २०१० पर्यंत दीड-दोनशे स्टेशनांचं स्वप्न. २०१८ मध्ये गव्हर्नर ब्राउन यांनी २०२५ पर्यंत २०० सांगितली. आजही आकडा पन्नास-साठच्या पुढे गेलेला नाही, आणि त्यातलीही सगळी एकाच वेळी चालू असतील असं नाही. इथून लॉस एंजेलिसला आय-फाइव्ह हायवेने जायचं तर मध्ये कोलिंगाचं एकटं स्टेशन. ते बंद असेल तर तुम्ही ना इकडचे ना तिकडचे. २०१९ च्या जूनमध्ये सांता क्लारातल्या पुरवठा केंद्रावर स्फोट झाला आणि बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या आमच्या भागातल्या, पंपांवर महिनोन्‌महिने टंचाई होती. मी गाडी घेतली त्याच्या दीड वर्ष आधीची ही गोष्ट. मला ती माहीत होती. ‘एकदाच झालं ते’ असं म्हणून मी सही केली. मग २०२४ च्या फेब्रुवारीत, माझी लीज संपता संपता, शेलने इथली आपली गाड्यांसाठीची सातही स्टेशनं कायमची बंद केली.

आता बॅटरीचं. संध्याकाळी घरी आलो की वायर लावतो, सकाळी काढतो. याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच मला आवडतं. लांबच्या प्रवासात पंचवीस-तीस मिनिटं थांबावं लागतं, हे कबूल. थँक्सगिव्हिंगच्या रविवारी केटलमन सिटीजवळ मी चाळीस मिनिटं रांगेत होतो, मुलगी मागे ‘किती वेळ’ म्हणत होती. अपार्टमेंटमधल्या मित्रांना लायब्ररीच्या पार्किंगमध्ये चार्जर शोधत फिरताना मी बघतो, त्यांचा वैताग खोटा नाही. पण फरक असा, की तिथे एका जागी वीस-वीस, चाळीस-चाळीस खांब असतात. दोन बिघडले तर तिसऱ्यावर लावता येतं. आणि अगदीच वेळ आली तर कुणाच्याही घरचं साधं सॉकेट चालतं. तासाला चार मैल मिळतात, पण मिळतात. मागे साक्रामेंटोला भाचीच्या बारशाला गेलो होतो तेव्हा त्यांच्या गॅरेजमध्ये इस्त्रीच्या सॉकेटवर गाडी रात्रभर लावली आणि सकाळी पोहे खाऊन निघालो. हायड्रोजनच्या गाडीला जगात कुठलंही घर मदत करू शकत नाही.

खिशाला

लीज घेतली तेव्हा सोबत १५,००० डॉलरचं इंधनाचं कार्ड मिळालं होतं. हायड्रोजन तेव्हा किलोला पंधरा डॉलरच्या आसपास होता. २०२३ मध्ये इथल्या बऱ्याच पंपांवर तो ३६ डॉलरवर गेला. पाच किलो भरले की १८० डॉलर, आणि त्यात माझी गाडी, माझ्या पायाखाली, सव्वातीनशे मैल जायची. (कागदावर ती याहून बरीच जास्त जाते. माझा पाय जड आहे असं समजा.) पहिल्या दोन वर्षांत कार्डातून जेवढे गेले त्याहून जास्त शेवटच्या एका वर्षात गेले. लीज संपली तेव्हा दोनेक हजार उरले होते, म्हणून माझं निभावलं.

कार्ड नसेल तर? वर्षाला बारा हजार मैल धरा. किलोमागे ६५ मैल, म्हणजे १८५ किलो, म्हणजे साडेसहा हजार डॉलर. आठ हजारांच्या त्या जाहिरातीतल्या गाडीत तुम्ही सव्वा वर्षात गाडीच्या किमतीएवढा वायू जाळता. एवढेच मैल मला घरच्या विजेवर, रात्रीच्या दराने, बाराशे-तेराशेत पडतात. पेट्रोलच्या साध्या गाडीलाही दोन हजारांच्या आसपासच लागतील. त्या जाहिराती स्वस्त का आहेत, हे एवढ्यावरून कळावं.

बॅटरीच्या गाडीची किंमतही पडते, त्यात शंका नाही, आणि सरकारची सूट व कारपूल लेनचा स्टिकर (गाडीत एकटे असलात तरी त्या लेनमधून जाऊ देणारा) ही दोन्ही आमिषं २०२५ च्या सप्टेंबरअखेर संपली. स्टिकरचं तर दोन्ही प्रकारच्या गाड्यांना सारखंच दुःख.

हवेला

अनेकांना खरा प्रश्न इथे असतो, आणि मलाही होता. मागून फक्त पाणी निघतं, मग यापेक्षा स्वच्छ काय?

मागून पाणीच निघतं. पुढून काय आलं ते बघायचं मी बरेच दिवस टाळलं. जगात वर्षाला साधारण ९७ दशलक्ष टन हायड्रोजन बनतो आणि त्यातला जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून. कमी प्रदूषणाचा म्हणावा असा एक टक्काही नाही. वायूपासून एक किलो बनवताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कॅलिफोर्नियात सरकारी पैशाने उभ्या राहिलेल्या स्टेशनांवर निदान एक तृतीयांश हायड्रोजन नवीकरणीय हवा असा नियम आहे, तो चांगलाच आहे. पण निव्वळ वायूपासूनचा धरला, तर माझ्या गाडीचा मैलामागचा कार्बन, बनवण्याचा, दाबण्याचा आणि ट्रकने आणण्याचा मिळून, साध्या प्रियस हायब्रिडच्या जवळपास येतो. पेट्रोलवर चालणाऱ्या प्रियसच्या! हा हिशोब मी एका रात्री जेवणाच्या टेबलावर मांडला आणि बायकोला दाखवला. ती म्हणाली, “मग आपण इतके दिवस रांगेत कशासाठी उभे होतो?” मी वही मिटली.

बरं, सगळा हायड्रोजन सौर विजेवर पाण्यापासून काढला तर? हवेचा प्रश्न मिटतो, विजेचा उभा राहतो. एक किलो बनवून दाबायला साधारण ५५ युनिट वीज लागते. त्यावर मी ६५ मैल गेलो. तेच ५५ युनिट सरळ बॅटरीत घातले, चार्ज होताना वाया जाणारे वजा केले, तरी आत्ताची गाडी पावणेदोनशे मैल जाते. तेवढ्याच विजेत पावणेतीन पट. हे कुणा कंपनीच्या नाकर्तेपणामुळे होत नाही, की पुढच्या मॉडेलमध्ये सुधारेल. विजेचा वायू केला आणि वायूची पुन्हा वीज केली की दोन्ही वेळा थोडी थोडी सांडतेच, परातीतून पातेल्यात आणि पातेल्यातून परातीत ओतल्यासारखी. जिथे वीज फुकट वाहून चालली आहे तिथे हे परवडेलही. आपल्याकडे किंवा इथे अजून ती वेळ आलेली नाही; अजून कोळशाची आणि वायूची भट्टी बंद करायलाच स्वच्छ वीज पुरत नाही.

गळतीचंही एक आहे. हा रेणू सगळ्यांत लहान, कुठल्याही सांध्यातून निसटतो, आणि हवेत गेला की मिथेनचा, म्हणजे हवा तापवणाऱ्या दुसऱ्या एका वायूचा, मुक्काम लांबवतो. शंभर वर्षांच्या हिशोबात किलोला किलो धरलं तर त्याचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या अकरा-बारा पट येतो असं अलीकडचे अभ्यास सांगतात. एकट्या माझ्या गाडीतून किती गळला असेल, नगण्यच. पण नोझलजवळचा तो ‘फुस्स’ आवाज मला नंतर वेगळा ऐकू यायला लागला.

मग हायड्रोजन टाकाऊ का?

मुळीच नाही, आणि इथे माझे ईव्हीवाले मित्र माझ्यावर नाराज होतात. त्यांना हायड्रोजन म्हणजे तेलकंपन्यांचं थोतांड वाटतं. मला वाटतं, चुकीच्या दारात उभा केलेला चांगला पाहुणा आहे.

पोलाद घ्या. लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन काढायला कोळसा वापरला की कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजन वापरला की पाणी. स्वीडनमध्ये लुलिओला हायब्रिट प्रकल्पाने २०२० मध्ये हे छोट्या प्रमाणावर सुरू केलं आणि २०२१ मध्ये तसं पोलाद व्होल्वोला दिलंही. तिथे बॅटरी काय करणार? भट्टीत बॅटरी घालता येत नाही. आणि मुख्य म्हणजे तिथे हायड्रोजन एकाच जागी, रोज, टनांनी लागतो. ना नोझल, ना ॲप, ना बाटलीभर पाणी.

खताचं तेच. बाबांच्या जुन्या प्लांटसारख्या कारखान्यांत एक टन अमोनियाला सुमारे १७७ किलो हायड्रोजन जातो, आणि तो तिथेच वायूपासून बनतो. तिथे इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारी यंत्रं) उभे करून हिरवा, म्हणजे स्वच्छ विजेवरचा, हायड्रोजन दिला तर ना नवी गाडी लागते, ना नवा पंप. भिंतीपलीकडे गिऱ्हाईक बसलेलंच आहे. भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमध्ये १९,७४४ कोटी रुपये आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य आहे. ते लक्ष्य तारखेला गाठलं जाईल का, मला शंका आहे. पण त्यातला पहिला हायड्रोजन खत कारखान्यांना आणि रिफायनऱ्यांना जावा, गाड्यांना नाही, एवढी इच्छा मात्र आहे. बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “उशिरा का होईना, आमच्या दाराशी आलात.”

मधल्या जागा मला अजून नीट उमगलेल्या नाहीत. जहाजं, लांब पल्ल्याचे ट्रक. ट्रकच्या बाबतीत मी दोन वर्षांपूर्वी ठामपणे हायड्रोजन म्हणालो असतो, आता तेवढा ठाम नाही, कारण बॅटरीचे ट्रक फार भराभर पुढे येतायत. रेल्वेचं जर्मनीतलं उदाहरण बोलकं आहे : लोअर सॅक्सनीत २०२२ मध्ये १४ हायड्रोजन गाड्यांचा ताफा रुळांवर उतरवायला सुरुवात झाली, मोठा गाजावाजा झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याच राज्याने सांगितलं की यापुढच्या गाड्या बॅटरीच्या घेऊ, चालवायला स्वस्त पडतात. पुण्यातही ऑगस्ट २०२२ मध्ये देशी बनावटीची हायड्रोजन बस दाखवली गेली. ती बनवणाऱ्यांच्या कसबाबद्दल मला शंका नाही. डेपोत एकाच जागी भरायची असल्यामुळे बसचं गणित माझ्या गाडीपेक्षा बरं बसू शकेल. तरी पीएमपीच्या वीजेवरच्या बसेस रोज रस्त्यावर धावतायत, हेही डोळ्यांसमोर आहेच.

तर पुण्याच्या बंधूंना : थांबू नकोस. सोसायटीच्या मीटिंगमध्ये चार्जिंग पॉइंटचा विषय काढलास की पाटील काका काय म्हणतील आणि विषय पुढच्या मीटिंगवर कसा जाईल, ते मला इथे बसून दिसतंय. तरी तो प्रश्न एका वायरचा आणि चार सह्यांचा आहे. हायड्रोजनचा पंप कोथरूडला येण्यासाठी तुला काय काय लागेल ते वर लिहिलं आहे.

आणि इथल्या तिघांना. गाडी खरंच छान आहे, चालवून बघाल तर मोहात पडाल, म्हणून आधी चालवू नका. आधी इंधनाचं झाकण उघडा. आत एक तारीख छापलेली असते, औषधाच्या बाटलीवर असते तशी. टाक्या बनल्यापासून पंधरा वर्षांनी भरायच्या नाहीत, ती तारीख. मग विचारा की इंधनाच्या कार्डात काही शिल्लक आहे का आणि ते तुमच्या नावावर होतं का. ‘होईल बहुतेक’ म्हणाले तर नाही समजा. आणि मग एखाद्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला, आत्ता आहे ती गाडी घेऊन, तुमच्या घराजवळच्या हायड्रोजन पंपापाशी तासभर जाऊन बसा. जाताना ॲप बघू नका. सोबत पाण्याची बाटली असू द्या. कुणालातरी लागेल.